अक्का आणि भाड्याचा कायदा

भाडं थकलं तर ते हप्त्यांनी फेडायची सोय कायद्यात असते का, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला पडला, कारण बेंगळुरूच्या मारतहळ्ळीतली नोकरी गेली आणि बनशंकरीतल्या घराचं दोन महिन्यांचं भाडं राहिलं. फोनवर कर्नाटकातले भाड्याचे नियम वाचून डोळे दुखले, पण हप्ते काही सापडेनात.

तेवढ्यात दार वाजलं. मी अशी दचकले की चहा ओढणीवर सांडला. दारात घरमालकीण अक्का. पिढ्यान् पिढ्या इथल्याच, घरात मराठी बोलणाऱ्या.

"अक्का, भाड्याचं बोलायचं होतं. मी कायदा वाचत होते..."

"कायदा?" त्या मटकन खुर्चीत बसल्या. "घर सोडतेस काय गं?"

"तुम्ही काढलंत तर..."

"मी कशाला काढू? तू गेलीस तर तुझं डिपॉझिट परत द्यायला लागेल की!"

बेंगळुरूत घर घेताना दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून आधीच द्यावं लागतं. घाबरण्याच्या नादात मी ते विसरूनच गेले होते.

"पण ते आहे ना तुमच्याकडे?"

अक्कांनी बोट वर केलं. "वरचा मजला कशानं बांधला मग?"

आम्ही दोघी छताकडे बघत बसलो.

"मग थकलेलं भाडं, अक्का?"

"स्वल्प स्वल्प करून दे गं, जमेल तसं," त्या उठत म्हणाल्या. "पण तो कायदा वाचायचं आधी बंद कर बघू!"