उघड्या दाराचा गारवा

फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा उभे होते.

“मिस्त्री, आमचा फ्रिज दिवसभर घरघरतो. थांबायचं नावच घेत नाही.”

“दार नीट लागतं ना, काका?”

“लागतं की! पण दुपारी मीच उघडं ठेवतो. बायको आजारी आहे, तिची खाट फ्रिजसमोरच टाकलीय. उकाडा सोसत नाही तिला.”

“अहो, फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून खोलीतच टाकतो. वर मोटर जी वीज खाते, तिचीही शेवटी उष्णताच होते. खोली उलट तापते.”

“काहीतरीच! ही तर रोज म्हणते, आता कसं गार वाटतंय.”

“आणि घाम येतो का त्यांना?”

“…उशी रोज भिजलेली असते.”

“मग?”

“आजपासून दार बंद ठेवतो. पण तिला काय सांगू?”

“सांगा, फ्रिज बिघडलाय.”