बियाण्याचा घेवडा

नाही, नाही, नाही, भोपळ्याचं नाव काढू नका! तुमच्या पाया पडतो, गुडघेदुखीवर बोला, जावयांवर बोला, वाटेल त्यावर बोला, पण भोपळा नको, कारण तुम्हाला सांगतो, अख्खी थंडी मी भोपळा खाल्लाय, म्हणजे सकाळी भोपळ्याचं सूप, दुपारी भोपळ्याची भाजी आणि रात्री, 'आज वेगळं केलंय हं!'... आणि वेगळं काय, तर सकाळचाच भोपळा, फक्त चौकोनी चिरलेला! आणि मी खाल्ला. मुकाट्याने खाल्ला.

आता तुम्ही म्हणाल, अहो, मग बाजारातून आणा की काहीतरी! आणा की! सांगायला काय जातंय? आमच्या हिचा कायदा आहे. मी टपाल कचेरीतून निवृत्त झालो, शिक्के मारून मारून मनगट गेलेलं, वाटलं, आता निवांत पेपर वाचू, तर ही म्हणाली, चला, शेतावर राहायला जाऊ, आपलं आपण पिकवू, ज्या मोसमात जे येईल ते खाऊ. मला वाटलं, हौस आहे, दोन महिन्यांत फिटेल. दोन महिने? सहा वर्षं झाली! दुकानातून येतं फक्त मीठ, तेल, पीठ आणि चहा, आणि त्या चहाकडेसुद्धा ही अशी बघते, जणू तो कुणाच्या तरी घरून चोरून आणलाय.

आणि मोसम म्हणजे काय, माहितीये? मोसम म्हणजे तुम्हाला हवं तेव्हा काही नाही आणि नको तेव्हा ढीग! टोमॅटो आले की असे येतात की बादल्या पुरत नाहीत, मग महिनाभर नुसते टोमॅटो, घामालासुद्धा टोमॅटोचा वास. काकडी आली की काकडी. मुळा आला की... जाऊ द्या, मुळ्याचं चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आणि वर हे वाया जाता कामा नये, ते वाया जाता कामा नये, 'अहो, तेवढा कोबी संपवून टाका ना, उद्यापर्यंत राहायचा नाही.' म्हणजे मी या घरात जेवायला बसतच नाही, संपवायला बसतो! भोपळ्याला डाग पडला, बोलवा ह्यांना. बटाट्याला कोंब फुटला, बोलवा ह्यांना. आणि मी खाल्लं सगळं, मुकाट्याने.

हे मी एकदा हिच्यासमोर म्हणालो, तर हातातली पळी तशीच वर धरून म्हणते, "मुकाट्याने? तुम्ही? अहो, सहा वर्षांत एक घास तरी मुकाट्याने गिळलाय का?"

आता बोला!

पण खरी गंमत पुढेच आहे... गंमत कसली म्हणा. थंडी संपते ना, तेव्हा आमच्याकडे मधले दिवस येतात. मधले दिवस म्हणजे कोठीतलं संपलेलं आणि वाफ्यातलं आलेलं नाही. बाहेर बघाल तर हिरवंगार, फुलं काय, पाखरं काय! याच दिवसांत आमचा मेहुणा येतो, बरोबर याच, दारातूनच हात पसरून ओरडतो, "भाऊजी, काय नशीबवान आहात हो! इथे तर नुसतं हात लांब करायचा की खायचं!" म्हटलं, कर लांब. कर ना! फुलं खा! आत कोठीत एक भोपळा, तोही एका बाजूने मऊ पडलेला, आणि हा बाहेर उभा राहून फोटो काढतोय.

तर या मेहुण्याचा मध्यंतरी फोन आला. म्हणाला, शहरात त्याच्याच इमारतीत दोन खोल्या रिकाम्या झाल्यात, खाली भाजीचं दुकान आहे, बघा. आणि तुम्हाला सांगतो, मी सुटलोच! पोटात ती भोपळ्याची सालं... हो, सालं! आदल्या दिवशी गर संपला, म्हणून सालं कुरकुरीत करून वाढली होती... तर ती सालं पोटात, आणि मी फोनवर घसा फोडून सांगतोय, "अरे, घेऊन टाक त्या खोल्या! मला इथे माणसात असल्यासारखं वाटत नाही! तुझ्या बहिणीला हौस आहे आणि मी त्या हौशीखाली भरडला जातोय! सहा वर्षं फुकट गेली माझी!" असं म्हणालो. फुकट. आणि मागे वळलो तर ही दारात, ओंजळीत पालक. चार पानं असतील जेमतेम. माझ्यासाठीच खुडून आणली होती.

भांडेल म्हटलं. नाही. पानं धुतली, ठेवली. झोपायच्या आधी पाणी प्यायला गेलो तर ओट्यावर पातेलं, वर ताट झाकलेलं, काहीतरी भिजत घातलेलं. मी ताट उचलायचीसुद्धा तसदी घेतली नाही. म्हटलं, भोपळ्याच्याच बिया असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाढलं. घेवडा! हा एवढा टपोरा, तपकिरी ठिपक्यांचा, मऊ शिजलेला, वर नुसता लसूण आणि तेल, आणि ती चार पानं पालकाची. अहो, काय चव! मी एक वाटी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी घेतली, पोळीने वाटी पुसली, बोटं चाटली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा असेल, मी मोठ्यांदा कौतुक करत म्हणालो, "अगं, हे अख्खी थंडी कुठे लपवलं होतंस?"

ती म्हणाली, "वरच्या फळीवर. बियाण्याच्या डब्यात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातली वाटी खाली ठेवली. तो घेवडा हिच्या आईचा. म्हणजे आईने लावायचा, त्यातला चांगला निवडून ठेवायचा, पुढच्या वर्षी पुन्हा लावायचा, आणि आई गेल्यावर हिने. दुकानात मिळत नाही हो तो, कुठेच मिळत नाही! ही सगळा भाजीपाला मला संपवायला लावायची, पण त्या डब्याला मला हात लावू द्यायची नाही.

"सगळा?" मी विचारलं.

"सगळा. आता पेरायचं कुठाय? तुम्हाला शहरात जायचंय ना? मग ठेवून काय करायचं? वाया नको जायला."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं हो! रागावलेल्या बाईशी भांडता येतं. ही शांतपणे वाटी उचलून घासायला गेली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, दोन खोल्या, खाली दुकान, आणि मी पाटावर बसून लहान मुलासारखा रडायच्या बेतात.

उठलो. डबा बघितला, रिकामा. उलटा करून थापटला, धूळ पडली. शेजारच्या शेळीवाल्या वहिनींकडे धावलो, कारण गेल्या वर्षी हिने त्यांना पेरायला ओंजळभर दिला होता. त्या म्हणाल्या, "तो ठिपक्यांचा होय? अहो भावजी, पेरतोय कसला! आम्ही त्याच दिवशी शिजवून खाल्ला. फारच छान लागला हो! अजून आहे का?"

आता बोला!

मग मी कुंपण धरलं. गेल्या वर्षीचे वाळलेले वेल अजून तारांना चिकटून होते, ते एकेक चाचपत, गुडघ्यांवर, काटे टोचतायत, शेळ्या बघतायत, आणि शेवटी अगदी तळाशी एक शेंग मिळाली. आत तीन दाणे. एकाला कीड, एकावर बुरशी, एक बरा, सुरकुतलेला, माझ्यासारखा. तिन्ही पेरले. कुणाला न सांगता.

ही तिकडे बरण्या बांधतेय. वाफ्याकडे फिरकत नाही. इतके दिवस ज्या बाईचा शेतातला आवाज रस्त्यापर्यंत जायचा, ती घरात कागदात बरण्या गुंडाळतेय, आणि विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेही नाही. वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. मेहुण्याला फोन करून खोल्या नको म्हटलं, ते हिला सांगितलं, तर म्हणाली, "हं." मी रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन त्या मातीला पाणी घालायचो आणि तिथेच बसून राहायचो.

परवा एक उगवला. बोटभर! मी आनंदाने पाण्याचा डबा उचलला, तर मागून कडाडली, "अहो, किती ओताल? कुजवाल त्याला! द्या इकडे तो डबा!" आणि आली, गुडघे धरत खाली बसली, मातीत बोट घालून बघितलं.

मग म्हणाली, "यंदा ह्याचे सगळे दाणे बियाण्याला. पुढच्या वर्षीचेही बियाण्यालाच. खायचे तिसऱ्या वर्षी. टिकला तर."

म्हटलं, "टिकेल गं वेल. मी राखण करतो ना."

"वेल टिकेल हो," ती म्हणाली. "मी तुमचं म्हणतेय."

आता यात तिचं काय चुकलं?