कथबर्टच्या डोक्यावरचा मुकुट

तो? तो सगळ्यांत पुढच्या खुर्चीतला, टीव्हीला नाक लावून बसलेला, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट — तो माझा नवरा. हसा की, हसायला काय झालं, मीही सकाळी दारातून पाहिलं तेव्हा आधी हसलेच — बसा ना, उभे का? ती खुर्ची कुणाची नाही. म्हणजे मिसेस ऑर्डची होती, ती गेली परवा, पण खुर्चीला काही झालेलं नाही. वडिलांसाठी जागा बघायला आलात ना? कळतं हो. हातात ते गुळगुळीत माहितीपत्रक धरून जो भिंतींच्या रंगाकडे बघत राहतो तो मुलगा असतो. मुली आल्या की थेट संडास बघून येतात. जागा वाईट नाही. चहा कोमट देतात, पण कुणी म्हाताऱ्यांवर खेकसत नाही, चादरी स्वच्छ असतात. आज जरा जत्रा भरलीय एवढंच — राजपुत्राचा साखरपुडा जाहीर झालाय ना, सकाळपासून तेच चाललंय. त्या लॉरेननं, ती जांभळ्या झग्यातली, ती इथली काळजीवाहू, तिनं सगळ्यांना कागदी झेंडे वाटले, जॅमचा केक कापला, आणि मुकुट एकच होता तो आमच्या कथबर्टला घातला. का, तर म्हणे सगळ्या वृद्धाश्रमात राजघराण्याचा मोठा भक्त हाच!

भक्त. कथबर्ट. — अहो, ह्या माणसानं सगळ्या डरहम परगण्यात राजघराण्याच्या नावानं जेवढी बोटं मोडली तेवढी कुणी मोडली नसतील. चाळीस वर्षं खाणीत कोळसा काढला आणि त्यातली निम्मी मला सांगण्यात घालवली की थेल्मा, तुझी ती माणसं म्हणजे जर्मन भाडेकरू आहेत, तिकडून येऊन बसलेले, भाडं न देणारे, वर आपल्याकडूनच घराची डागडुजी करून घेणारे. जेवताना सांगायचा. अंघोळ करताना दाराआडून सांगायचा. भक्त मी आहे, मी! लाज कसली त्यात? चौदाव्या वर्षी शाळा सुटली माझी, त्यानंतर जे काय शिकले ते वाचनालयातल्या राजघराण्याच्या कपाटापुढे उभी राहून शिकले. कोण कुणाची आत्या, कुणाचं कुणाशी मोडलं आणि का, कुणाला कुठल्या घोड्यानं पाडलं — विचारा काहीही. शिकलेल्या बायका मला म्हणतात, थेल्मा, त्यांना तू माहीतही नाहीस. माहीत कशाला हवी? तुमच्या देवाला तुम्ही माहीत आहात असं तुम्हाला खात्रीनं सांगता येईल का? नाही ना? मग. आमच्या गल्लीत कोळशाची काजळी, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी, पोरांच्या नाकात काजळी — त्यात एक कुणीतरी पांढरे हातमोजे घालून नीट चालतंय, नीट बोलतंय, रडू आलं तरी चारचौघांत रडत नाही, हे बघायला मला आवडायचं. आवडतं. एवढंच आहे ते, त्यापुढे काही नाही.

तर लग्न असो, राज्यारोहणाचा सोहळा असो, आमच्या घरची रीत ठरलेली. मी आणि गल्लीतल्या बायका रस्त्याच्या मधोमध टेबलं मांडायचो, पताका लावायचो, हॅम आणि पिवळ्या वाटाण्याच्या लगद्याचे पाव करायचो — आणि हा मुद्दाम मळके कपडे चढवून, फावडं खांद्यावर टाकून, त्या टेबलांच्या मधूनच, आजूबाजूनं नाही, मधूनच, आपल्या लीकच्या, म्हणजे त्या जाड कांदापातीच्या, वाफ्यांवर जायचा. "चाललो गं," म्हणायचा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कुणीतरी काम करायला हवं ना ह्या देशात!" आणि बायका ओरडायच्या, "जा जा, लीकलाच मुकुट घाल!" लीक मात्र काय लावायचा, माझ्या मनगटाएवढे — काय सांगते मी, दंडाएवढे! क्लबातली स्पर्धा दोनदा मारली. लीकला काय खाऊ घालतो ते कुणाला सांगायचा नाही, मलाही नाही. शिळी बियर असायची त्यात, वाळवलेलं रक्त असायचं, वासावरून कळायचं. आणि ते सगळं कालवायचा कशात? माझ्या राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या मगात. सोन्याची कड असलेला मग! तिच्या तोंडावर लीकचं खत! दोन दिवस बोलले नाही मी त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी तो मग धुऊन ओट्यावर ठेवलेला, आणि संध्याकाळी पुन्हा गायब.

आणि नाताळच्या दुपारी राणीचं भाषण लागलं की फावडं घेऊन बाहेर. जमीन गोठलेली, खणणार काय कपाळ! तिथं उभा राहून पाइप ओढायचा आणि मग दारातून डोकं घालून विचारायचा, "संपलं का तिचं? यावं का आम्ही गरिबांनी?"

— काय? नाही नाही, भांडण नव्हे ते. तसं भांडणच. खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी मात्र खरं भांडण झालं. पोलीस आले होते खाणीच्या फाटकावर, घोड्यांवरून, आणि हा घरी आला तो डोकं फुटून. मी टॉवेल धरलाय, रक्त थांबत नाही, आणि हा म्हणतो, "थेल्मा, मुकुट मीही जवळून पाहिला आज. शिपायाच्या टोपीवरच्या बिल्ल्यात. तो वाकून मला हाणत होता तेव्हा अगदी नाकासमोर होता बघ." — मी उठले आणि भिंतीवरचा राणीचा फोटो फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. महिने गेले. कोळसा नाही, पगार नाही, शेजाऱ्यांच्या शेगडीवर सगळ्यांचं मिळून सूप. नाताळ आला. दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर येते तर हा स्टुलावर चढलेला, फोटो सरळ करतोय. म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "असू दे. माझी कुणी नाही ती. पण तुझी आहे." आणि फावडं घेऊन गेला बाहेर.

असा माणूस. कळलं ना तुम्हाला कोण बसलाय तिथं तो?

आता हा मुकुट का, ते ऐका, कारण खोड माझीच. म्हणजे खोड नव्हे — मी एक डाव टाकला होता. इथं आणलं तेव्हा तो मला ओळखायचा, मग कधी कधी ओळखायचा, मग म्हणायला लागला, तुम्ही लॉरेनच्या आई का? डॉक्टर म्हणाले, जुन्या वस्तू आणा, आवडीच्या, त्यानं आठवण जागी होते. सगळे आवडीच्याच आणतात. मी म्हटलं, आवडीच्यानं काय होणार ह्याचं, हा माणूस जागा व्हायचा तो रागानं! म्हणून माझ्या घरातले सगळे मग आणले, बशा आणल्या, फोटो आणला, आणि त्याच्या खोलीत पलंगासमोर मांडले. म्हटलं, आता बघू. सकाळी डोळा उघडला की समोर सगळं राजघराणं, एका रांगेत. आता उठेल, आता म्हणेल, थेल्मे, हा कचरा काढ इथून! एक शिवी, एवढंच हवं होतं मला. एक साधी शिवी, माझ्या नावासकट.

आणि हा काय म्हणाला? "किती छान चेहरे आहेत."

त्यात हे इथले लोक. खोलीत ते मग बघितले आणि झालं, म्हातारा राजनिष्ठ! लॉरेन येऊन रोज त्याला घराण्याच्या बातम्या सांगते. चहासुद्धा त्याच मगात देतात — त्याच, सोन्याच्या कडेच्या, त्याला अजून आत नाक घातलं तर लीकच्या खताचा वास येतो, मी शपथेवर सांगते. तो बोट वळवून, करंगळी बाहेर काढून पितो. कथबर्ट! करंगळी बाहेर! — तुम्ही म्हणाल, मग सांगत का नाही त्यांना? सांगणार होते. आज सकाळी सांगणारच होते, निळा कोट घालून, ब्रोच लावून आले होते, कारण साखरपुडा आहे, मी काही झालं तरी ब्रोच लावणारच. दारात उभी राहिले. टीव्हीवर ती दोघं बागेत आली, ती मुलगी हात पुढे करून अंगठी दाखवते ना — आणि ह्यानं टाळ्या वाजवल्या. लहान मुलासारखा. मागं वळून लॉरेनला म्हणाला, "बघा बघा, लग्न ठरलं त्यांचं!" आणि दर अर्ध्या तासानं तेच चित्र पुन्हा लावतात, आणि दर वेळी त्याला ते नव्यानं कळतं, आणि दर वेळी त्याचं तोंड असं उजळतं की — मी त्याला असं कधी पाहिलेलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदा पाहिलंय.

सांगू? कुणाला सांगितलेलं नाही. राज्याभिषेकाच्या दिवशी, त्रेपन्न साली, आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, खाटकाकडे. सगळी गल्ली त्या एका खोलीत, पडदे ओढून, चर्चमध्ये बसल्यासारखी. आणि हा बाहेर पावसात उभा, खिडकीला पाठ करून. आत यायचं नाही आणि घरीही जायचं नाही! मला दिसत होती त्याची पाठ पडद्याच्या फटीतून, भिजलेली. शेवटी मला राहवेना, दोन पाव कागदात गुंडाळले आणि गेले. म्हटलं, खा, मूर्खा. त्यानं पाव घेतला, आणि तोंडात घास असतानाच मला लग्नाचं विचारलं. घास गिळायलाही थांबला नाही. मी हो म्हणाले तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं. आणि आतून सगळी गल्ली ओरडली — मुकुट घातला राणीला! — आणि मी बाहेर. अहो, आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, मुकुट ठेवला तो क्षण मी डोळ्यांनी पाहिला म्हणून, अंगावर काटा आला म्हणून. काटा आला होता. पाहिलं काही नव्हतं.

जाऊ दे. म्हणून मुकुट काढवत नाही मला त्याच्या डोक्यावरून. काढला तर हे हसू जाईल. ठेवला तर कथबर्ट जातोय. साठ वर्षं भांडले मी ह्या माणसाशी, आणि आज बघा, जिंकले. सगळं जिंकले. काय करू मी ह्या जिंकण्याचं? कुठं ठेवू? — लागलं बघा, पुन्हा तेच लागलं. बागेत आली ती दोघं. थांबा जरा, माझी पर्स धरा. आज मी करणार आहे. धरा हो! तो नाही बोलत ना, मी बोलते त्याचं. कुणीतरी म्हटलं पाहिजे.

ए! बंद करा ते! फुकटखाऊ सगळे! जर्मन भाडेकरू! आमच्या पैशानं अंगठ्या घालता का रे? कुणीतरी काम करा ह्या देशात! — लॉरेन, तू मध्ये येऊ नकोस, मला काही झालेलं नाही. कथबर्ट! ऐकतोस ना? म्हण की! भाडं न देणारे — पुढं काय? पुढचं तू म्हण!

…

द्या ती पर्स.

ऐकलंत ना तुम्ही? एवढ्या लांबून ऐकू नसेल आलं. त्यानं माझा हात धरला. उठायला गेला माझ्यासाठी, उठवलं नाही. म्हणाला, "अहो बाई, असं बोलू नये. शुभ दिवस आहे. पोरांचं लग्न ठरलंय." इतकं हळू, इतकं गोड. मला साठ वर्षांत कधी इतकं गोड बोलला नाही, मेला. मी म्हटलं, चुकलं माझं. तर शेजारची खुर्ची थोपटून म्हणतो, "बसा. तुमचं झालंय का लग्न?" म्हटलं, झालंय. "मग नवरा कुठाय तुमचा?"

काय सांगायचं होतं मी? तुम्ही काय सांगितलं असतंत? — म्हटलं, वाफ्यावर गेलाय. लीक लावतो तो. असलं काही टीव्हीवर असलं की घरात थांबत नाही, संपलं की येईल.

त्यानं टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. म्हणाला, "मुकतोय बिचारा."

…

नाही, रुमाल नको, आहे माझ्याकडे. मी चारचौघांत रडत नाही, कुणाकडून शिकलेय ते तुम्हाला सांगितलंय मघाशी. तुम्ही जा आता, त्या ऑफिसातल्या बाई वाट बघत असतील तुमची. वडिलांना इथं आणा की नका आणू ते मला विचारू नका. पण आणलंत, तर एक करा — त्यांना काय आवडतं ते इथं सगळेच विचारतील. ते कशावर चिडतात ते सांगून ठेवा. कुणी विचारणार नाही, तुम्हीच सांगा, आणि त्यांना चिडता येतंय तोवर येऊन चिडवत जा. जा. — आणि जाताना जरा बाजूनं जा हो, मधून नको. टीव्ही राहू दे, टीव्ही पाहिलाय मी. तुमच्या आड मला आमचा तो दिसत नाहीये.