भाऊंचा बॅनर आणि तापलेली जीप

गेवराईच्या अलीकडे बजरंगची जुनी जीप पुन्हा तापून थांबली. फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात नेणारी योगिता मागच्या सीटवरून ऐकत होती. पुढे बसलेले धुळाजीमामा बजरंगला इंजिन समजावून सांगत होते.

"रेडिएटर चोंदलाय बे."

"परवाच साफ केलाय, मामा."

"मग पट्टा ढिल्ला असंल."

"नवा हाय."

"पाणी?"

"काठोकाठ."

"मग नजर लागली. लिंबू बांध."

"बांधलंय की! बॅनरमागं हाय, म्हणून दिसंना तुमाला."

योगिता खिडकीतून वाकली. "दादा, पुढची सगळी जाळी त्या वाढदिवसाच्या बॅनरनं झाकलीय. इंजिनाला वारा कुठून लागणार?"

"ताई, त्याच्यावर भाऊंचा फोटू हाय. काढावा कसा?"

"माझं लेकरू तापलंय हो!"

"काढ बे," मामा म्हणाले. "पण घडी घालू नको. भाऊंच्या तोंडावर मोड पडंल."

इंजिन निवलं. बॅनर मामांच्या मांडीवर आडवा झाला आणि जीप एका दमात गेवराईत शिरली. तिथे बजरंगने ब्रेक मारला.

"आता काय झालं?"

"म्होरं भाऊंचं हापिस हाय, ताई. तेवढा बॅनर बांधतो."

"आणि दवाखाना?"

"हापिसाच्या पल्याड."

योगिता लेकराला खांद्यावर टाकून उतरली आणि चालू लागली. मागून बजरंग ओरडला, "ताई, कावून उतरल्या? बसा की! गाडी आता एकदम गार हाय!"