मापाचा शेर, काट्याचा शेर

…न्हाय, पण मी म्हणते, शेर म्हणजे शेर ना? मग त्यात आमच्या ठमाबाईची काय ती चूक? रेवसात ज्याला सांगते, तो तिलाच हसतो! तुम्हाला सांगते, मी तिची शेजारीण गोदूबाई, मधे नुसती कुडाची भिंत, मला सगळं ऐकू येतं… म्हणजे मी ऐकत न्हाय हो, येतं!

ठमाबाई घरची थोरली सून. घरातलं गोडधोड तिच्याच हातचं. आणि मग आली धाकटी जाऊ, कमळ, उरणची, बाप मिठागरावर मीठ तोलणारा, तर ही बया माहेराहून काय घेऊन आली? तराजू! लोखंडी वजनांसकट! पीठ तोलणार, गूळ तोलणार, अहो, हळदसुद्धा तोलणार! आणि सासू नीराबाई, जिनं ठमाबाईला उभ्या जन्मात "बरं झालंय" म्हटलं न्हाय, ती आळीभर सांगत सुटली, "आमच्या कमळचा लाडू खाऊन बघा गो, तोंडात टाकला की इरघळतो!" ठमाबाई चुलीशी बसून ऐकतेय, आणि चुलीपेक्षा तीच जास्त पेटलेली! मला म्हणते, "गोदूबाय, असं हाय तरी काय गो त्या लाडवांत?" काय असणार? तांदळाचं पीठ नि गूळ!

तेवढ्यात ठमाबाईच्या शकूचा साखरपुडा ठरला. कमळ गरिबासारखी म्हणाली, "बाय, लाडू मी वळू?"

"काय नको! माझ्या लेकीचं लाडू मी वळीन. तू नुसतं प्रमाण सांग."

"शेरभर पीठ, शेरभर गूळ."

झालं! शेर म्हणजे शेर! ठमाबाईनं तांदूळ मोजायचं शेराचं पितळी माप उचललं, पीठ भरलं अलगद, भुरभुरून… आणि गूळ? लेकीचं कार्य, हात कशाला आखडा, म्हणून अंगठ्यानं दाबून दाबून, ठेचून ठेचून! कमळच्या काट्यावर घातला असता तर पिठाच्या दुप्पट भरला असता तो गूळ, पण काट्याला हात लावणार कोण? ठमाबाई? त्या काट्याला? मेली तरी न्हाय!

वळताना लाडू कसे गुळगुळीत! निवले आणि… दगड! कमळनं एक ठोकून बघितला. "बाय, कुठल्या शेरानं घेतलात?"

"कुठल्या म्हणजे? शेर म्हणजे शेर!"

"अगो बाय, तो मापाचा! मी काट्याचा सांगितला!"

आता नवे कधी वळणार, पाहुणे दारात! व्याही बुधाजी, गलबतावरचा तांडेल, त्यानं लाडू दाढेखाली धरला… कट्ट! लाडू अख्खा, हात गालावर! शकू रडायच्या बेतात. ठमाबाईला धरणी दुभंगली तर बरं असं झालेलं… आणि पुढे झाली कोण? कमळ!

"मामा, चावू नका तो! बायनं मुद्दाम कडक पाकात केलेत, तुम्हाला गलबतावर न्यायला. चहात बुडवायचा नि चोखत बसायचं!"

बुधाजी खूश! "व्वा, विहीणबाय! आजपर्यंत दर्यावरच्या माणसाचा इचार कुणी केला न्हवता! आणखी बांधून द्या!" सोयरीक पक्की. आणि नीराबाई? "बघितलंत? आमची कमळ किती हुशार!"

पाहुणे गेल्यावर ठमाबाई आली माझ्याकडे, मटकन बसली. म्हणाली, "गोदूबाय, अब्रू राखली गो तिनं माझी. आता तिच्यावर जळू तरी कशी? आणि न्हाय जळायचं… तर दिवसभर करू काय?"