सलोनीचं मलम

...बोला ना, मलेच बोला सगळे! चूक माहीच, पण ऐकून तं घ्या! माही सलोनी, चार वर्षांची. कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत चामडी लालबुंद, एक्झिमा म्हंते डॉक्टर. यवतमाळच्या डॉक्टरीनबाईनं मलम देल्लं, "दिवसातून दोनदा, पातळ थर, आठ दिवस. मग मला दाखवा." चवथ्या दिवशी पोट्टी खेळाले लागली, बाप्पा!

तेवढ्यात आमचे काका, सदाशिवराव, तहसीलातून रिटायर! डब्बी वाचली आन् बोंबललेच, "अरे, स्टेरॉइड हाय हे! चामडी पातळ होईन, पोट्टीची वाढ खुंटन!" आता बापाचं काळीज ते... फेकलं म्या उकिरड्यावर! राखी, माही बायको, म्हणे, "डॉक्टरीनबाईले फोन तं करा!" कायले करू? मले जास्त समजते ना!

मंग कोणी सांगितला कडुलिंब, लावला. कोणी हळद, लावली. कोणी चुलीतली राख, तेही लावली, काय सांगू तुम्हाले... आन् पोट्टी आपली कराकरा खाजवूनच राह्यली!

एक दिवस मायची ओढणी घेऊन आली. "बाबा, माहे हात बांधून द्या ना... ते ऐकतच नाही." बांधले म्या! सख्ख्या पोरीचे! तं खाटेच्या काथ्यावर गुडघे घासे. हात बांधलेले, आन् पोट्टी आपली खाजवूनच राह्यली!

मंग पू झाला, ताप चढला. यष्टीत मांडीवर घेतली तं निस्ता तवा! पाच दिवस भरती. डॉक्टरीनबाई रागावली असती तं बरं झालं असतं हो... हळूच म्हणे, "भाऊ, मनानं महिनोन्‌महिने चोपडलं तर हे मलम वाईटच. सांगितल्यासारखं लावलं तर लेकराला आराम. भीती वाटली, तर विचारलं का नाही?" पू हटला, मंग तेच मलम. तेच! आठ दिवसांत खाज गेली. पण राखीनं ओढणी घेतली का पोट्टी अजून हात पाठीमागं लपवते.

परवा आर्णीच्या स्टँडवर एक बाई, कडेवर लेकरू, कोपराची चामडी फुटलेली. "स्टेरॉइड होतं म्हणून बंद केलं," म्हणे. मी हात जोडले, सगळं सांगितलं, म्हणलं, माय, डॉक्टरले एकडाव विचार... तिनं लेकरू पदराखाली घेतलं, मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं.

"तुम्ही डॉक्टर आहा काय?"

नाही ना, म्हणलं. तिची गाडी लागली, गेली ते.