टायटल्समधली मुलगी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, स्टुडिओतले माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी,

दादांच्या चित्रांत मी सव्वीस वर्षं रंग भरले, त्यामुळे त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात ‘चार शब्द बोला’ म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. दादांचं काम काय? माणसांचा सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दोन मिनिटं चित्रं हलतात, त्यांतून कलाकारांची नावं येतात, आणि प्रेक्षक तोवर अंधारात खुर्ची शोधत असतात. ती दोन मिनिटं, म्हणजे टायटल्स, दादांची. अध्यक्ष महोदय हसताहेत, म्हणजे तेही उशिराच पोचतात!

एका सिनेमासाठी दादांनी दप्तर घेतलेली मुलगी काढली होती. ती शाळेच्या रस्त्याने चालते आणि दुकानांच्या पाट्यांवर नावं उमटत जातात. रस्ता खरा होता. चालही खरी, त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीची. उजवं पाऊल ती जरा आत टाकायची. सिनेमा मात्र हरवलेल्या मुलीचा होता. वहिनी, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आज माझ्या तोंडून निघालं.

काम संपत आलं असताना एका दुपारी वहिनींचा फोन आला. शाळा सुटून दोन तास झाले, पोर घरी नाही. दादांनी टेबलावरचा त्या चित्रांच्या कागदांचा गठ्ठा उचलला आणि जिना उतरले. मी मागोमाग. शाळेला कुलूप. मैत्रिणींकडे नाही. दुकानदार विचारत, दिसायला कशी? सगळ्या पोरी एकाच गणवेशात, सांगणार काय? आणि मी पाट्या बघत होते. याच पाट्या मी आठवडाभर रंगवल्या होत्या.

कोपऱ्यावर चपला शिवणारे एक आजोबा बसत. दादांनी गठ्ठा त्यांच्यापुढे धरून अंगठ्याने कागद भराभर सोडले. मुलगी चालू लागली. आजोबा तिच्या पायांकडे बघत होते. पुन्हा दाखवा, म्हणाले. मग समोरच्या इमारतीकडे बोट केलं.

“हे पाऊल आत गेलंय. बाहेर आलेलं मी बघितलं नाही.”

इमारतीची दुरुस्ती चालू होती, वीज बंद, लिफ्ट मध्येच कुठेतरी थांबलेली. दादा प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारावर थापा मारून हाका देत होते. पहिला, दुसरा, तिसरा मजला. उत्तर नाही. तेवढी भीती मला पुढे कधीच वाटली नाही. चौथ्यावर घसा बसलेला आवाज आला.

“बाबा, मी इथे आहे.”

वर्गात नवीन आलेल्या मुलीला वही द्यायला गेली होती. दार उघडायला अर्धा तास लागला. पोर सुखरूप होती.

आता एक कबुली. टायटल्सचं शेवटचं दृश्य राहिलं होतं, नुसता रिकामा रस्ता. दुसऱ्या दिवशी दादा पेन्सिल घेऊन बसले आणि उठले. “हे तू काढ,” म्हणाले, “माझा हात चालत नाही.” मी काढलं. तो सिनेमा दादांनी आजवर पाहिलेला नाही.

लेक आता परगावी नोकरी करते. दादा, तिचा रोजचा फोन लांबला की तुम्ही काम सोडून खिडकीशी उभे राहायचात. तेव्हा मीही ब्रश खाली ठेवायचे. कधी बोलले नाही. उद्यापासून तुम्ही घरी असाल. फोन लांबला तर एकटे उभे राहू नका, मला कळवा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. रंगांची सवय, शब्दांची नाही. कुठे अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्यावं.